कॅथरीनची कांडी

आयर्लंडमधल्या डंडॉकला आल्यापासून वृंदाबाईंच्या हातांना चैन नव्हतं. उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात आठव्या वर्षापासून चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरलेले हात ते. इथं लेकीकडे दोन महिने नुसते मांडीवर. सकाळी गजाननबाबांची पोथी झाली, की त्या खिडकीशी जात, परत येत, लावलेले डबे काढून पुन्हा लावत.

"भार्गवी, तिकीट अलीकडचं कर ना माय. तुह्या बाबाचा माग अडला असंल."

"बाबांचं सगळं ग्रँड चाललंय, रोज विचारते मी. आणि माग ते चालवतात, तू नाही. राहा की दिवाळीपर्यंत निवांत."

निवांत! वृंदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आडवं सूत घालणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की माग जागच्या जागी थांबतो, हे विणकराच्या पोरीला सांगावं लागावं? पण सांगणार कोणत्या तोंडानं? व्हिसाच्या फॉर्मवर लेकीनंच लिहिलं होतं, 'हाऊसवाइफ'.

शनिवारी दुपारी शेजारची ब्रीज टॅबलेट घेऊन आली. तिचे पूर्वज इथून स्कॉटलंडच्या एका खेड्यात विणायला गेलेले. तिथल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या जनगणनेचं पान ती दाखवत होती. जेम्स, हातमाग विणकर. बायकोच्या नावापुढे कामाची जागा कोरी. आणि जेम्सची बहीण कॅथरीन.

"एकोणीस वर्षांची, आणि बिचारी विधवा," ब्रीज म्हणाली. "तिच्या नवऱ्याचं नाव काही सापडत नाही. तरी दर नोव्हेंबरला चर्चच्या मृतांच्या यादीत 'कॅथरीनचा नवरा' लिहून मी त्याच्यासाठी प्रार्थना सांगते. वीस वर्षं झाली."

भार्गवीनं आईला मराठीत सांगितलं. वृंदाबाईंनी हळहळून हात जोडले.

तेवढ्यात नात सानिकानं अक्षर मोठं केलं. "इट्स नॉट विडो. वाइंडर. पर्न वाइंडर." विधवा नव्हे, सूत गुंडाळणारी. आणि तिनं टॅबलेटवर पर्नचं चित्र शोधून आजीपुढे धरलं.

"अवो बाई! हे तं कांडी हाय!" वृंदाबाई खदखदून हसल्या, दोन महिन्यांत पहिल्यांदा. "नवरा कुठला? कांड्या भरे थे पोरगी, भावाच्या मागासाठी! तिले सांग, नवऱ्याले काढ यादीतून, कॅथरीनले ठेव."

ब्रीजनं कपाळाला हात लावला. भार्गवी मात्र हसेना. ती पानावरच्या त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली; आईच्या फॉर्मवरचा शब्द तिचाच होता. मग उठून तिनं वडिलांना स्पीकरवर फोन लावला.

"बाबा, खरं सांगा. माग चालू आहे?"

पलीकडे खोकला. "चालू म्हंजे... तसा हायच."

"बाबा."

"तुही माय तिकडे गेली तवापासून झाकून ठेवला हाय. माह्या हातची कांडी सैल होते, धोट्यातच गुंतते. पण तिले सांगू नको, बाप्पा. जन्मात पहिल्यांदा फिराले गेली हाय थे."

"आयकलं म्या," मागून वृंदाबाई म्हणाल्या.

भार्गवीनं लॅपटॉप ओढला. बराच वेळ बोटं कळांवर थांबली, मग चालली.

"मंगळवारचं मिळतंय, आई."

वृंदाबाईंनी देवापुढे साखर ठेवली, बॅग काढली, दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"सोमवारचं नाही भेटत का?"