आप्पांचा उजवा हात आणि आमची चंद्री

मंडळी, सायबर कॅफेत बसून टाइप करतेय आणि हसू आवरत नाहीये. चुका सांभाळून घ्या!

पॅरालिसिसच्या झटक्यानं माझ्या वडिलांचा, आप्पांचा, उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून आमच्या चंद्री म्हशीची धार मी काढते. धार कसली, रोज लाथा खाते!

हॉस्पिटलची औषधं आणि व्यायाम चालूच आहेत. डॉक्टरांना विचारून जोडीला ॲक्युपंक्चर सुरू केलं. सुया बघून आप्पा ओरडले, "मी काय गोधडी हाय व्हय, टाके घालायला?" तरी जायला लागले. पण मूठ वळायला दिलेला स्पंजचा चेंडू काही दाबेनात. "पोरासोरांचा खेळ!" म्हणायचे.

आज सकाळी कसबा बावड्यातल्या आमच्या गोठ्यात चंद्रीनं पुन्हा बादली लाथाडली. आप्पा काठी टेकत आले. "सरक तिकडं," म्हणाले आणि स्टुलावर बसले.

उजव्या हातानं सड धरला. बोटं थरथरली, घसरली. परत धरला. मग अंगठा वळला आणि चुर्रकन धार बादलीत पडली! बारीकशीच, पण उजव्या हाताची. आई तर रडायलाच लागली.

मी नाचत म्हणाले, "आप्पा, सुयांचा गुण आला!"

"सुयांचा का चंद्रीचा, कुणास ठावं," आप्पा म्हणाले. "पण गुण येत असंल तर तुझ्या हातात बी टोचून घे की. तुला अजून धार काढाया येत न्हाय!"

काय म्हणता मंडळी, घेऊ का माझीपण अपॉइंटमेंट?