एक ठोका थांब, दोन ठोके नीघ

रुबीना माझ्या पहिल्यांदा लक्षात आली ती चपलांमुळे. चौसाळ्याच्या शाळेत मी तेव्हा पाचवीच्या वर्गावर होतो. वर्गाबाहेर रोज चपलांचा ढीग असे. एके दिवशी पाहतो तर सगळ्या चपला जोडीजोडीनं, तोंडं मैदानाकडे करून लावलेल्या. कोणी केलं म्हणून विचारलं, तर एक बारीक अंगाची मुलगी उभी राहिली. "सर, निघताना वळवाय नको," ती म्हणाली. तिचे वडील मुनव्वरभाई फळांचा टेम्पो चालवत आणि घरी आले की तो नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभा करत. मुलीनं ते उचललं होतं.

मुनव्वरभाईंना मुलगा नाही याचं गावाला जितकं वाईट वाटे, तितकं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. शाळा सुटली की रुबीना टेम्पोत शेजारच्या सीटवर असे, आणि मोठी होऊन पलीकडच्या सीटवर बसायचं हे तिनं केव्हाच ठरवलेलं होतं. अठरा पूर्ण होताच ती परवाना काढायला गेली. तिथं कळलं की मालवाहू गाडीसाठी वीस पूर्ण लागतात. परत आल्यावर मला म्हणाली, "सर, अठराव्या वर्षी लगीन करता येतं, मत देता येतं, पेरू न्हेता येत न्हाईत." सरकारनं काहीतरी विचार केला असेल, असं मी म्हणालो. त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर, ती पाचवीत असताना, मी तिच्याकडे टाकत असे.

ती विशीची होईपर्यंत मुनव्वरभाईंची साखर डोळ्यांवर आली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. टेम्पो घरासमोरच्या लिंबाखाली उभा राहिला आणि बंकटच्या फेऱ्या सुरू झाल्या. बंकट जुन्या गाड्या घेणारा आणि विकणारा. तो घासाघीस करत नसे. यायचा, टायरला पायानं ठोकर द्यायचा, खिन्नपणे मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा. अशानं गाडीचा मालक हळूहळू खचतो. शेवटी मुनव्वरभाईंनी त्याला शब्द दिला. पोरगी परवान्याच्या परीक्षेत पास झाली तर टेम्पो घरातच राहील, नापास झाली तर त्याच दिवशी बंकटनं न्यावा. रुबीनाच्या आईनं, कमरजहाँभाभींनी, हे आतून ऐकलं. त्या दिवशी बंकटच्या चहात साखर नव्हती.

रुबीनानं शिकाऊ परवाना काढला. टेम्पोच्या पुढं आणि मागं लाल 'एल' लागला. अडचण पुढेच होती. शिकणाऱ्याच्या शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसायला हवा. चौसाळ्यात गाडी चालवणारे उदंड आहेत. तिचे दोन चुलतभाऊ मिसरूड फुटण्याआधीपासून जीप चालवत होते. तिनं परवान्याचं विचारल्यावर एकाला अचानक विहिरीवरची मोटर चालू करायचं आठवलं. दुसरा म्हणाला, "आजवर पोलिसानं इचारलं न्हाई, आन् तू कावून इचारती?"

अखेर गहिनीनाथ सापडले. एसटीत चालक म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते, पण परवाना वेळच्या वेळी नवा करून घेत आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत. ते लगेच तयार झाले. अट एकच घातली. चालत्या गाडीत चालकाशी बोलायचं नाही. सगळी नोकरी त्यांनी एसटीतल्या त्याच मजकुराच्या पाटीखाली बसून केली होती. आता चालक रुबीना होती, तेव्हा गाडी चालू असताना ते तिच्याशी अक्षर बोलत नसत.

मग शिकवायचं कसं? त्यासाठी त्यांच्या बोटात चांदीची जाड अंगठी होती. ती ते दाराच्या पत्र्यावर वाजवत. एक ठोका थांब, दोन ठोके नीघ. रागवायचं झालं तर आधी एक ठोका. गाडी कडेला उभी राहिली की तोंड उघडायचं.

"क्लचवर पाय ठिवून बसलीस."

"व्हय काका."

"उचल की मग. गादी हाय का ती?"

आणि लगेच दोन ठोके.

शिवाय वाटेतला एसटीचा एकही थांबा त्यांना सोडवत नसे. फाटा आला की ठोका. थांब्यावरची माणसं पिशव्या उचलून टेम्पोकडे धावत. गहिनीनाथ खिडकीतून हात काढून मागं दाखवत, म्हणजे मागून येतेय. एका म्हातारीनं तर, नातवाला अजून पाच पूर्ण नाहीत, हे आधीच सांगून टाकलं. मांजरसुंब्याच्या घाटात ते चढाच्या मध्यावर गाडी कडेला थांबवत. निघताना टेम्पो जरा जरी मागं सरकला, की वळवून पुन्हा पायथ्यापासून. रुबीना रडकुंडीला येई, पण मागं सरकायचा तो टेम्पो हळूहळू सरकेनासा झाला.

परीक्षेच्या दिवशी तिनंच टेम्पो बीडला नेला. शेजारी गहिनीनाथ, आणि आरशात सारखा दिसणारा, मोटारसायकलवरचा बंकट. त्याच्या हँडलला झेंडूचा हार अडकवलेला होता. टेम्पो ताब्यात आला की त्याला घालायला.

पुढचं मला रुबीनानं सांगितलं. परीक्षा घेणारे साहेब तरुण होते आणि त्यांच्या हातात पेन होतं. गहिनीनाथ कुंपणाबाहेर थांबले. साहेब शेजारी बसून म्हणाले, "चला." रुबीनाचा पाय क्लचवर आणि कान दाराकडे. साहेब पुन्हा म्हणाले, चला. तेव्हा कुठे ती निघाली. आठच्या आकड्यासारखी वळणं घ्यायची होती. निम्म्यात साहेबांनी विचारात पडून पेन हातातल्या कागद लावलेल्या फळीवर आपटलं. टेम्पो जागच्या जागी उभा.

बंद पडला का, असं साहेबांनी विचारलं. इंजिन तर चालू होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं जायला सांगितलं. शेवटच्या वळणावर पुन्हा पेन आपटलं, पुन्हा टेम्पो उभा. कुंपणाबाहेर बंकट हार सोडवू लागला.

"मध्येच का थांबता तुम्ही?"

गाडी उभी होती, म्हणजे बोलायला हरकत नव्हती. "सर, तुमीच वाजवलं की," रुबीना म्हणाली. मग तिनं गहिनीनाथकाका, ती पाटी, ते ठोके, सगळं सांगितलं. साहेबांनी एकदा पेनाकडे पाहिलं. नंतर त्यांनी ते खिशात ठेवलं आणि वळणं पुन्हा घ्यायला लावली. ती न थांबता पुरी झाली.

राहिला चढ. टेम्पो चढाच्या मध्यावर आला तेव्हा साहेबांनी हळूच पेन काढलं आणि एकदा वाजवलं. टेम्पो थांबला. त्यांनी दार उघडून खाली चाकाकडे पाहिलं. दोनदा वाजवलं. चाक तसूभरही मागं आलं नाही, टेम्पो सरळ वर गेला. साहेबांनी आणखी एकदा तेच करून घेतलं, मला वाटतं स्वतःच्या हौसेखातर. गाडी मागं घ्यायला किती ठोके, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढं तोंडी सांगितलं. मग कागदावर आधी लिहिलेलं खोडलं आणि पास आहात म्हणाले.

ती बाहेर आल्यावर गहिनीनाथांनी एकच प्रश्न विचारला. "सायेब चालत्या गाडीत बोलले का?"

"सुरवातीला बोलले."

"नवे असतील," ते म्हणाले.

बंकट हार हातात घेऊन तसाच उभा होता. आता ह्याचं काय करू, असं त्यानं रुबीनालाच विचारलं. आणलाच हाय तर घाला, ती म्हणाली. त्यानं तो नीट बांधला, सवयीनं मागच्या टायरला ठोकर दिली आणि म्हणाला, "गुळगुळीत झालीत, बघ." त्या संध्याकाळी कमरजहाँभाभींनी त्याला चहा दिला तो इतका गोड होता, की त्यानं वर पाणी मागून घेतलं.

पक्का परवाना पोस्टानं आला, तेव्हा मुनव्वरभाईंनी दोन्ही 'एल' स्वतः चाचपून काढले. रुबीना आता सकाळी चौसाळ्याहून बीडच्या बाजारात फळं नेते, आणि मुनव्वरभाई शेजारी बसतात. गेल्या महिन्यात तिनं टेम्पोची मागची टायरं बदलली. जुनी बंकटनं नेली.