पाचव्या आकड्यावरचा फोटो

ये, अशी जवळ बस. त्या खांबाला टेकून पाहुणीसारखी काय बसलीस? मला ओरडून बोलायला लावायचं आणि मग सगळ्यांना सांगत सुटायचं, आजीला दम लागतो म्हणून. आणि तो चहा पी आधी, साय धरली त्यावर. तुम्ही मुली प्रश्न विचारता आणि उत्तर यायच्या आत दुसरीकडे बघता. मघाशी विचारलंस ना, आजी, तू म्हणे फोटो काढायचीस, मग सोडलंस का? आता विचारलंस तर पुरतं ऐकून घ्यायचं.

हे एकोणीसशे तीसच्या जरा पुढचं. माझं माहेर बोर्ली पंचतन. घरची भातशेती, शाळा माझी चौथीपर्यंत, आणि लग्न ठरायचं होतं. माझा मामा मुंबईला एका छापखान्यात कामाला. तिथल्या साहेबानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मामाला देऊन टाकला. मिटला की एवढासा, पानाच्या डब्याएवढा. उघडला की पुढे काळा भाता यायचा, पेटीच्या भात्यासारखा. मामा शिमग्याला आला तो कॅमेरा घेऊन, आणि आठ दिवसांनी निघाला तेव्हा म्हणाला, राहू दे हिच्याकडे, मला कुठे सवड आहे. आई म्हणाली, "बंदूकच दे ना त्यापेक्षा." पण राहिला माझ्याकडे.

मामाची शिकवण अशी, की माणसाला उभं करून फोटो काढायचा नाही. उभं केलं की माणूस खांब होतो. बाजारात जा, जो तो आपल्या कामात असतो, तसाच घे. त्या कॅमेऱ्याला वरच्या बाजूला एक नखाएवढी काच होती. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्या काचेत बघायचं. त्यात समोरचा बाजार दिसायचा, पण उलटा, म्हणजे उजवीकडचं डावीकडे. तू हसशील, पण मला हे फार सोयीचं पडलं. वयात आलेली मुलगी मान खाली घालून रस्त्यात उभी आहे म्हटल्यावर कोणाला काय वाटणार? पदराआड कॅमेरा. बायका आईला सांगायच्या, तुमची मुलगी किती मर्यादेची हो. आई नुसती मान हलवायची.

पहिला रोल मामाकडे गेला, तिकडे धुतला, आणि पंधरा दिवसांनी फोटो आले. मामानं सोबत चिठ्ठी लिहिली होती, "सात फोटो आभाळाचे, एक बैलाचा. बैल बरा आलाय." मी रडले. मग शिकले. बांगड्या भरताना कासाराच्या हातातला बाईचा हात, पिंपळाच्या पारावर दाढी करून घेणारा म्हातारा, पावाची पाटी डोक्यावर घेऊन चाललेला पाववाला. एका रोलवर आठच फोटो बसायचे. रोल मामा पाठवील तेव्हा. म्हणून एकेक फोटो आठ-आठ दिवस मनात ठेवायचा आणि मग काढायचा.

एक गोष्ट मामानं पुनःपुन्हा बजावली होती. एक फोटो काढला की लगेच बाजूची चावी फिरवायची. पाठीमागे एक लाल काच होती, तिच्यात आकडा दिसायचा. चावी फिरवली की दोनाचे तीन, तिनाचे चार. नाही फिरवली तर पुढचा फोटो त्याच जागेवर बसणार, दोघांचा काला. मामा म्हणायचा, "जेवलं की चूळ, फोटो काढला की चावी."

आता खालाचं सांगते. आमच्या परसाला लागून एक कमरेएवढा दगडी गडगा, त्याच्या पलीकडे तिचं घर. मुसलमान, एकटी बाई, नवरा कधीच गेलेला, आणि एकुलता एक मुलगा. दिवसभर ओटीवर बसून पांढऱ्या टोप्या शिवायची. आम्ही सगळी मुलं तिला खालाच म्हणायचो, म्हणजे मावशी. आमच्या फणसाचे गरे तिकडे जायचे, तिच्याकडच्या आठळ्या भाजून इकडे यायच्या. तिचा मुलगा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. भिवईवर खूण होती, लहानपणी चिंचेवरून पडला होता. त्याला बोटीवर खलाशाचं काम मिळालं. आमच्या भागातली पुष्कळ मुलं तेव्हा बोटीवर जायची.

जायच्या आदल्या दिवशी खाला गडग्याशी आली. म्हणाली, "गो पोरी, तुजी ती पेटी हाय ना, तसवीर काढायची? माज्या पोराची एक काढ."

मी म्हटलं, "खाला, तुमच्यात चालतं का?"

"न्हाय चालत. मी कुटं भिंतीवर लावतेय? पेटीत ठेवीन, कापडात गुंडाळून. मौलवीसायेब काय माजी पेटी उघडून बघतील काय?" मग म्हणाली, "दोन वरसं न्हाय दिसायचा गो तो मला."

मी म्हटलं, काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले. तेवढी एक गोष्ट केली नसती तर! सुक्या मासळीच्या बाईचा फोटो मला कितीतरी दिवस काढायचा होता. तराजू धरून ती हात वर करायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यासमोर तराजूच्या साखळ्या लोंबायच्या आणि ती त्यांतून गिऱ्हाइकाकडे बघायची. मी उभी राहिले मान खाली घालून. खटका दाबला आणि तेवढ्यात तिनं मला बघितलं.

"काय गो, माज्या पाटीत काय पडलंय तुजं? घ्यायचंय काय नुसता वास घेऊन जानार?"

सगळे हसले. मी कॅमेरा घाईघाईनं मिटला, पदरात कोंबला आणि घर गाठलं. चावी फिरवायची राहिली. माझ्या डोक्यातही नाही.

घरी येते तर गडग्यापलीकडे निघायची गडबड. मुलाच्या दंडाला खालानं इमाम-जामीन बांधलेलं, म्हणजे प्रवासाला निघालेल्याच्या दंडाला नाणं ठेवून फडकं बांधतात ते. वळकटी काखेत. दिघीच्या बंदराकडे जाणाऱ्या गाड्या बाजाराच्या टोकाला थांबायच्या, तिथपर्यंत तो चालत जाणार होता. मी तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले, मामाच्या शिकवणीप्रमाणे काही न बोलता. खाला त्याला सांगत होती, थंडीत कान बांध, कोनाशी भांडू नको, दर जुम्म्याला कागद लिही. तो म्हणाला, "अम्मा, दरयात जुम्मा कंचा ते कप्तानाला इचारून लिहीन." ती हसली नि तोही हसला. तेव्हाच मी खटका दाबला. इतका सुरेख क्षण मला पुन्हा मिळाला नाही.

तो निघाला. मी सवयीनं कॅमेरा उलटा करून लाल काचेत बघितलं. आकडा पाच. आणि मासळीवालीचा फोटो पाचवर होता. म्हणजे हाही पाचवरच.

अजून तीन फोटो शिल्लक होते. तो वीस पावलांवर होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, तशी खालानं माझा दंड धरला. ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "मागनं हाक न्हाय द्यायची, गो. निघालेल्या मानसाला."

आपल्यातही हेच. निघालेल्याला मागून हाक मारू नये, कुठे म्हणून विचारू नये. यात त्यांचं-आमचं काही वेगळं नव्हतं. मी तोंड मिटलं. तिला वाटलं, मी त्याला काहीतरी शुभ बोलायला जातेय. तो वळणावर दिसेनासा झाला.

आता मला सांग, वाडीतून आडव्या वाटेनं पळत गेले असते तर मी त्याच्या समोर येऊन उभी राहिले असते की नाही? समोरून थांबवायला कसला आलाय अपशकुन? हे मला तेव्हा सुचलंच नाही असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले. सुचलं होतं. पण वाडीतून धावणारी मुलगी चार जणांनी बघितली असती. तेवढ्यासाठी गेले नाही.

फोटो आले. पाचव्या फोटोत दोघंही होते. पाट्या, तराजू, मासळीवालीचा वर केलेला हात, आणि त्या सगळ्यातून धुरासारखा तो. हसताना. कपाळ आणि एक डोळा चांगला स्वच्छ आला होता. पण तराजूची साखळी नेमकी त्याच्या गळ्यावरून गेलेली. आईनं बघितलं आणि म्हणाली, "हे नको दाखवूस हो त्या बाईला. समुद्रावर गेलेला मुलगा तिचा." मला ते पटलं, आणि खरं सांगू, बरंही वाटलं. फोटो काढायला शिकलेली म्हणून मिरवत होते ना मी. असला फोटो कोण दाखवील?

खालाला सांगितलं, रोल धुताना खराब झाला.

ती म्हणाली, "जाऊ दे गो. येल तवा दुसरी काढ."

त्याचे कागद यायचे. वाचून दाखवायला ती माझ्याकडेच यायची. सव्वा-दीड वर्ष आले. मग यायचे थांबले. आणि एक दिवस बोर्लीचाच दुसरा एक खलाशी परत आला तो निरोप घेऊन. कुठल्याशा परक्या बंदरात तापानं गेला म्हणे, तिथेच मूठमाती दिली.

पलीकडून रडणं ऐकू येत होतं आणि मी आमच्या चुलीपुढे होते. त्या साखळीनंच हे केलं असं माझ्या डोक्यात बसलं. अठराएक वर्षांची होते, बाई. ट्रंकेतून तो फोटो काढला, त्याची काळी फिल्मही काढली आणि दोन्ही चुलीत घातलं. फिल्म कशी भडकन पेटते तुला ठाऊक नसेल. एका क्षणात झालं.

त्यांच्यातला चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर खाला आली. नेहमीसारखी गडग्याशी नाही, पुढच्या दारानं आली. म्हणाली, "पोरी, ती खराब झालेली तसवीर हाय काय गो तुज्याकडं? खराब तं खराब. सावली दिसली तरी चालंल."

मी म्हटलं, मामानं टाकून दिली.

"व्हय काय," म्हणाली, आणि उठून गेली.

त्यानंतर मी कॅमेरा हातात धरला नाही. मामानं रोल पाठवला तो तसाच परत केला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे एवढंच, पण गोष्ट इथे संपत नाही.

माझं लग्न झालं, मी इकडे नागावला आले. माहेर लांब. चार वर्षांनी तुझ्या आईला कडेवर घेऊन गेले तेव्हा ठरवूनच गेले होते. खाला ओटीवर टोपी शिवत बसलेली. नजर अधू झाली होती, सुईत दोरा मी ओवून दिला. आणि सगळं सांगितलं. चावी, हाक, साखळी, चूल. काही ठेवलं नाही.

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हंजे तुला दिसला होता तो. काय काय दिसत होतं?"

मी म्हटलं, "हसत होता खाला. कपाळ दिसत होतं. एक डोळा."

"कंचा?"

"डावा," म्हटलं. मग वाटलं, उजवा असेल. माझं मलाच धड सांगता येईना.

"भिवईवरची खून?"

मी म्हटलं, "व्हय, होती." मला आठवत नव्हतं गं. आजही आठवत नाही.

"आनि दंडावरचं फडकं? मी बांधलेलं?"

इथे मात्र माझ्यानं खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "खाला, ध्यानात नाही."

ती सुई-दोरा खाली ठेवून माझ्याकडे सरकली. म्हणाली, "परत सांग, पयल्यापासनं." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. दर वेळी ती नवीन काहीतरी विचारायची, आणि दर वेळी मला थोडं जास्त दिसायचं. पायात वहाणा होत्या, वळकटीची दोरी सुटलेली होती. संध्याकाळी आईनं हाक मारली तेव्हा म्हणाली, "उद्या ये गो. आनखी काय आठवलं तं सांग."

येते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईच्या अंगात कणकण होती, आणि आमची गाडी दुपारची. बांधाबांध चालली होती. आई म्हणाली, कालच तर भेटलीस. मी परसात गेले, गडग्याशी उभी राहिले, पलीकडे ती बसलेली दिसत होती. म्हटलं, आता गेले की तास मोडणार. पुढच्या गणपतीत येऊच. कमरेएवढा गडगा, पण ओलांडला नाही.

गणपतीत गेले तर घराला कुलूप. बहिणीकडची माणसं तिला घेऊन गेली होती आणि श्रावणात ती तिकडेच वारली.

यात मला सर्वांत जास्त काय लागतं सांगू? चूलही नाही, साखळीही नाही. त्या गणपतीत गाडीत बसल्या बसल्या मला फडकं आठवलं होतं. दंडावर पांढरा ठिपका होता, मासळीवालीच्या कोपराशेजारी. गेल्या गेल्या हे सांगायचं म्हणून मी वाटभर घोकत गेले होते.

हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. तुला का सांगितलं, ठाऊक नाही. अजूनही कधी कधी तांदूळ निवडताना त्या फोटोतलं काहीतरी दिसतं, आणि ऐकायला कोणी नसतं. तू उद्या रेवसहून सकाळची लाँच धरणार, धर. तुझी कामं आहेत, मी नको म्हणत नाही. पण गेलीस की महिना नको काढूस. परीक्षा झाली की ये, सुट्टी लागायची वाट बघू नको. एका दिवसासाठी आलीस तरी चालेल, ये मात्र लवकर.