दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो पितृपंधरवड्यात. पितरांच्या त्या पंधरा दिवसांत नवी वस्तू घरात आणायची नाही, हे शनिवार पेठेत कुणाला शिकवावं लागत नाही. मलाही ठाऊक होतं. पण मी घेतलेलं काम पंधरवडा संपायच्या आत पुरं करून द्यायचं होतं. काम देणाऱ्यांचे पितर परदेशात असावेत, कारण तारीख पुढे ढकलायला ते तयार नव्हते.

घरात आई आणि मी, दोघीच. बाबा त्या वर्षीच्या माघात गेले. दुपारी जेवून नेहमीसारखे आडवे झाले ते उठलेच नाहीत. चहाला उठवायला मीच गेले होते. ‘बाबा, चहा,’ म्हटलं आणि हाताला हात लावला, तर हात गार. मी त्यांच्याशी नऊ महिन्यांनी बोलले होते, आणि ते एवढंच.

नऊ महिने अबोला होता आणि तो त्यांनी धरलेला होता. मी भोसरीच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात कायम नोकरीला होते. ती सोडून प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला आणि मिळतील ती कामं घ्यायला लागले. त्या वर्षांत निम्मं पुणं हेच करत होतं. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ‘कायम’ या शब्दावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. राजीनाम्याचं कळलं त्या रात्री जेवताना ते आईला म्हणाले, ‘तिला सांग, आता माझ्याशी बोलायचं काही कारण उरलेलं नाही.’ मी तिथेच होते, त्यांच्याच वाटीत ताक घालत होते. मीही त्यांचीच मुलगी. मीही बोलले नाही.

त्या नऊ महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट सोडली नाही. जेवण झालं की, एकच्या सुमारास, घरभर फिरून बटणं बंद करायची त्यांची जुनी सवय होती. दिवे, पंखे, रेडिओ. एकदा तर फ्रिजसुद्धा. खोलीत माणूस आहे की नाही हे बघायची त्यांची पद्धत नव्हती. अबोला असतानाही ते माझ्या टेबलाशी यायचे, मी वाचत असले तरी टेबललॅम्पचं बटण खटकन बंद करायचे आणि जायचे. मी पुन्हा लावायचे. ते पुन्हा येऊन बंद करायचे. आमच्या दोघांत संवाद म्हणाल तर तेवढाच होता.

ते गेल्यावर तोही संपला. आई तशी रडली-बिडली फार नाही, पण गप्प झाली. आणि मला दिवसातून कितीतरी वेळा वाटायचं की हा माणूस माझ्यावर चिडलेलाच गेला, आणि आता ते कधीही बदलायचं नाही.

तर कॉम्प्युटर. आई आधी नकोच म्हणाली. मग दोन दिवसांनी तिने स्वतःच तोड काढली.

‘आण. पण नवा म्हणून नाही आणायचा. कशावरचंही प्लास्टिक काढायचं नाही. घटस्थापनेला काढू, हळदकुंकू वाहू, मग तो नवा.’

‘म्हणजे पितरांना प्लास्टिकमधून दिसत नाही का?’

‘तू गप्प बस. करायचं असेल तर तसं कर.’

आमच्या टीव्हीचा रिमोट गेली सहा वर्षं पिशवीतच होता, त्यामुळे मला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून एकेक भाग आणला आणि एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडायला बसले. पहिल्यांदाच करत होते. आई शेजारी उभी, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी. मी कुठे नख लावलं की तिचं ‘अं हं.’ मॉनिटरचं प्लास्टिक राहिलं, कीबोर्डचं राहिलं, कॅबिनेटच्या पुढच्या दाराचं राहिलं. एके ठिकाणी कोपरा माझ्या नखाने सुटलाच, तेव्हा पुन्हा ‘अं हं’ आलं. माझं डोकं फिरलं. ‘घे, बसवला परत, झालं समाधान?’ म्हणत मी तो अंगठ्याने दाबला आणि पुढचे स्क्रू रागारागात पिळले.

संध्याकाळी मशीन चालू झालं, ते बघून मी लगेच बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा कामाला बसले. मशीनचा पंखा एकसारखा घुमत होता. बारा-तेरा मिनिटं झाली असतील. खट्, आणि सगळं बंद. पडदा काळा, पंख्याचा आवाज एकदम तुटलेला. घरात अशी शांतता झाली की खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकल स्टँडला लावली तेही ऐकू आलं.

वीज गेली म्हणून वर पाहिलं, तर छताचा पंखा फिरत होता. भिंतीवरचं बटण पाहिलं. चालू होतं. घड्याळात एक वाजून गेला होता.

मी पुन्हा लावला. सात मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. चौथ्यांदा हात पुढे केला आणि तो तसाच राहिला, कारण हे मी आधी कुठे केलेलं आहे ते मला आठवलं.

सकाळी मी बाहेर असायचे, मशीन चालायचं ते दुपारीच. दुपारी चालणारी वस्तू दुपारीच बंद पडणार, एवढं गणित मला येत होतं. तरी दुसऱ्या दिवशी एक वाजता बसण्याआधी मी बाबांच्या खुर्चीकडे एकदा बघून घेतलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी आई गवार घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसली. माझ्याकडे आणि मशीनकडे तिची पाठ होती. शेंगा मोडता मोडता ती एकदम थांबली आणि म्हणाली, ‘आले.’

मी ‘कोण’ म्हणायला तोंड उघडलं, आणि खट्. पडदा काळा.

‘झाली का फेरी?’ आई म्हणाली. हे मला नव्हतं. तिचा आवाज अगदी रोजचा होता, थोडा चेष्टेचा, बाबांशी बोलतानाचा. तो आवाज मी माघापासून ऐकला नव्हता.

‘आई, तुला कसं कळलं?’

‘चाहूल लागते की. चाळीस वर्षं ऐकली आहे.’

मग हे रोजचं झालं. मी घड्याळ लावून बघितलं. मशीन कधी नऊ मिनिटांनी बंद पडायचं, कधी चौदा, त्याला काही धरबंध नव्हता. पण आई ‘आले’ म्हणायची आणि दोन-तीन सेकंदांत ते बंद व्हायचं. एकदाही चुकली नाही. पंख्याचा आवाज बदलतो का म्हणून मी कान लावून बसले. नव्हता बदलत. पुढे वीस वर्षं मी याच धंद्यात काढली, मशीन का तापतं हे मी झोपेतही सांगेन. तिला कसं कळायचं ते मात्र मला सांगता येणार नाही.

एका दुपारी आई कीर्तनाला गेली होती. मी एकटीच. मशीन बंद पडलं आणि काळ्या काचेत, वरच्या सुरकुतलेल्या प्लास्टिकमधून, माझ्यामागची खोली अंधुक दिसायला लागली. दार, कपाट, बाबांची खुर्ची. खुर्चीत काहीतरी होतं. सकाळी मी तिथे घडी केलेली गोधडी ठेवली होती, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी मागे वळले नाही. तशीच काचेत बघत म्हणाले, ‘बाबा, जमतंय हो मला हे काम. चांगलं जमतंय. राग गेला का?’

काही झालं नाही. काय व्हायचं होतं? पण मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले, आणि मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

काम मात्र तसंच पडलेलं. मी दुकानदाराला फोन केला.

‘पक्षात घेतलंत ना? मग भोगा,’ तो म्हणाला. मग जरा माणसात आला. ‘प्रोसेसर तापत असेल. तापला की मशीन स्वतःला बंद करतं. त्याच्यावरचा पंखा फिरतोय का?’

फिरत होता. त्याने सांगितल्याप्रमाणे सुरू करतानाच एक बटण दाबून धरलं, तेव्हा निळ्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसायला लागलं. माझ्यादेखत आकडा चढत होता. साठ. अडुसष्ट. सत्याहत्तर. मी कॅबिनेटच्या उघड्या बाजूने हात घातला आणि प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या कूलरला बोट लावलं.

गार. नुसता थंड नाही, गार. वर पंचाऐंशी आकडा दिसत होता आणि बोटाखाली ताप नावाला नव्हता. तसा गारवा माझ्या हाताला एकदाच लागला होता, त्याच घरात, अशाच एका दुपारी. मी हात ओढून घेतला. मशीन बंद पडलं.

दुकानदार फोनवर हसला. ‘गार आहे म्हणून काय खूश होताय, ताई? तो गरम व्हायला पाहिजे. खालची उष्णता ओढून घेणं हेच त्याचं काम. तो गार आणि प्रोसेसर जळतोय, म्हणजे दोघं एकमेकांना टेकलेलेच नाहीत. मधे काहीतरी आहे. उघडा आणि बघा.’

दहा मिनिटांचं काम होतं. मी ते दोन दिवस केलं नाही. आईला सांगितलं की दुकानात माणूस नाही. तारीख जवळ आलेली, आणि मी दुपारी एक वाजता मशीन लावून, हात मांडीवर ठेवून, त्याची बंद पडायची वाट बघत बसायचे. आई गवारीऐवजी आता दोन कप चहा घेऊन यायला लागली होती. त्यातला एक खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवायची. नंतर तो थंड झालेला चहा तीच पिऊन टाकायची, वाया जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी काम देणाऱ्यांचा फोन आला, आणि मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

कूलर सुटला. त्याच्या तळाला, जिथे तो प्रोसेसरला टेकतो बरोबर तिथे, एक पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा होता. बसवण्याआधी तो काढायचा असतो. एक कोपरा दुमडलेला होता आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता. मी स्वतः दाबून बसवला होता तो, आईवर चिडून. प्लास्टिक काढायचं नाही म्हणून ती म्हणाली, मी तिला दाखवण्यापुरतं ऐकलं आणि मग रागाच्या भरात विसरून गेले.

पापुद्रा काढला, कूलर पुन्हा बसवला. निळ्या पडद्यावरचा आकडा बेचाळीसला जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. कूलर बोटाला कोमट लागला. इतक्या दिवसांचं कोडं सुटलं तर माणसाला आनंद व्हायला हवा. मी तो पापुद्रा कचऱ्यात टाकायला निघाले आणि परत येऊन टेबलावर ठेवला.

दुपारी एक वाजता बसले. आई चहा घेऊन आली, एक कप स्टुलावर ठेवला, पाठ करून बसली. दहा मिनिटं झाली. बारा.

‘आले,’ आई म्हणाली.

पंखा घुमत राहिला. पडद्यावर माझी अक्षरं तशीच होती.

आईने मान तिरकी करून कानोसा घेतला. मग वळली. आधी मशीनकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे.

‘काय केलंस?’

मी सगळं सांगितलं. प्रोसेसर, कूलर, तिचं ‘अं हं’, माझा अंगठा. तिने तो पापुद्रा उचलून उजेडात धरला. एवढासा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तिला समजलं. माझ्या आईला समजत नाही असं नव्हतंच कधी.

‘हे परत लावता येईल का?’ तिने विचारलं.

उजेडात त्यावरचा माझा ठसा दिसत होता.

‘कायमचं नाही म्हणत. सर्वपित्री अमावास्येपर्यंत. पाच दिवस राहिलेत.’

‘जळेल गं तो, आई.’

‘जळायला नको,’ ती लगेच म्हणाली. ‘तुझ्या कामाचा आहे.’ तिने पापुद्रा टेबलावर ठेवला, स्टुलावरचा कप उचलला आणि आत गेली. चहा अजून गरम होता.

काम वेळेत गेलं. पुढचंही मिळालं, आणि त्याच्या पुढचंही. पाच दिवस उशीर झाला असता तर ते लोक ओरडले असते, कदाचित काम काढूनही घेतलं असतं. मग दुसरं मिळालं असतं, निम्म्या पुण्याला मिळत होतं. हे मी तेव्हाही जाणत होते, तरीही नाही म्हणाले. आईला वाटलं मी तिला नाही म्हणाले. पण ते ‘नाही’ मी स्वतःलाच म्हटलं होतं. तिने विचारलं तेव्हा टेबलाखाली माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, आणि मी तो सकाळपासून जागेवर ठेवलाच नव्हता.