हाताला गुण

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या माले गावचे नाही — आणि कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझ्या मुलानं जन्मल्यापासून त्रास म्हणून दिला नाही. दूध प्यायचा, झोपायचा, जागा असला तर टकामका बघत पडायचा. बायका म्हणायच्या, थोरलीच्या हाताला गुण आहे. मला ते खरंच वाटायचं. का नाही वाटणार?

पुढच्या वर्षी धाकट्या जावेला, मंगलला, मुलगी झाली — आणि ती पोर दिवसभर किंचाळायची. गुटी झाली, शेक झाला, मीठ-मोहरी उतरवून झाली. मंगल रडकुंडीला यायची. मी मोठेपणानं सांगायची, नीट धर, घाबरतेस कशाला. मला तिची कीव यायची — नाही, खोटं कशाला बोलू? मला बरं वाटायचं.

एकदा दुपारी तिनंच पोरीला हातावर पालथी घेतली आणि पाठ चोळत चोळत निजवली. पहिल्यांदाच जमलं होतं. चेहरा नुसता फुलला होता तिचा. पोरीला माझ्या मांडीवर देऊन ती आंघोळीला गेली. पोर गाढ झोपलेली — जरा हललीसुद्धा नाही.

ओल्या केसांनीच मंगल धावत आली. "उठली न्हाई ना, ताई?"

आणि मी म्हणाले, "तू गेलीस तशी उठली. लई रडली. आत्ता कुटं निजवलीय मी."

का म्हणाले? काय वाईट केलं होतं तिनं माझं?

"मग तुमच्याकडंच राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या हातात न्हाईच त्ये."

त्यानंतर ती स्वतःच्या पोरीला घ्यायलाच बिचकायची. पोर जरा कुरकुरली की आणून माझ्याकडे द्यायची. वर्षाच्या आत उरवड्याच्या एका कंपनीत कामालाही लागली.

पुढे दुसऱ्या खेपेला मला मुलगी झाली — मंगलच्या पोरीसारखीच रडकी. त्याच मांडीवर, त्याच हातांत, काही केल्या गप बसेना. पोरं आपापला स्वभाव घेऊनच येतात, हे तेव्हा कळलं. मुलगा शांत होता, त्यात माझं काहीच नव्हतं. तेव्हा तरी मंगलला सांगायचं की नाही? नाही सांगितलं.

परवा तिची पोर अंगणात पडली, गुडघा फुटला. मंगल जवळच होती, तिनं हात पुढे केले. पोर तिला चुकवून माझ्याकडे आली. मंगलनं हात मागं घेतले, पदराला पुसले. "घ्या ताई," म्हणाली, "तुमच्याकडंच गप ऱ्हाईल ती."

मी घेतली.