फुकटचं लायसन्स

कॅनडातल्या विंडसरच्या नदीवर सकाळी धुकं असलं की पलीकडचं शहर पाण्यावर तरंगतंय असं वाटायचं. काठावर एक पंजाबी गृहस्थ गळ टाकून बसत. मासा लागला की ओल्या हातानं सोडवत, त्याच्याशी काहीतरी पुटपुटत आणि परत पाण्यात सोडून देत.

एकदा ते उदास दिसले.

"बहनजी, पासष्ट पूर्ण झाली. आता मासे धरायचं लायसन्स फुकट."

"बरंच झालं की," मी मोडक्या हिंदीत म्हटलं.

"बरं कसलं? लायसन्सच्या पैशांतून सरकार माशांची पिल्लं पाण्यात सोडतात. आता माझी नाही सुटणार."

घरी आल्यावर मुलाला म्हटलं, "मला अजून पासष्ट झाली नाहीत. पैसे भरून मासे धरायचं लायसन्स काढून दे."

"आई, तू कधी गळ हातात धरलायस का?"

नाही धरला. पण लायसन्स काढलं, आणि आता धुक्याखाली पाणी हललं की वाटतं, आमचीच पिल्लं असतील.