दोनदा पडलेलं माप

जाहिदा शेख बारा वर्षं परंदवडीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये जरबेराची रोपं करते आहे. बाटलीत साखर घातलेली अगरची खळ, खळीत हार्मोनचं एक माप, वर कणभर कोंब. फ्रिजमध्ये हार्मोनच्या दोन बाटल्या असतात. एकीनं कोंब फुटतात, दुसरीनं मुळं. नातेवाइकांची वाटणीही जाहिदा अशीच करते. धाकटा दीर जावेद फुटव्यातला, दर महिन्याला नवा धंदा आणि मूळ एकाचंही नाही.

गेल्या वर्षी माप घालणाऱ्या ज्योत्स्नाबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या कामाला खुर्ची होती. बाकीच्या बायका आठ तास वाफेच्या कुकरपाशी उभ्या, आणि जाहिदाचे गुडघे आता संध्याकाळी जिना चढू देत नव्हते. खुर्चीवर डोळा तिच्यासारख्याच कुकरपाशी उभ्या राहणाऱ्या सविताचाही होता. लॅबप्रमुख सुहास सर म्हणाले, "सध्या दोघी मिळून करा. मग ठरवू."

एका चुलीवर दोन जावा उभ्या राहिल्या की आमटीत मीठ दोनदा पडतं. इथं माप घातलं की फळ्यावर खूण करायची रीत. सवितानं माप घातलं आणि खूण करायच्या आधी फोन घेऊन बाहेर गेली. जाहिदानं कोरा फळा पाहिला, माप घातलं, खूण केली.

सविता परत आली ती खूण बघून थबकली. "भाभी, तुमी घातलं?"

"मग? तू घातलं होतंस का?"

"मी कशाला? मी तर फोनवर हुते."

जाहिदानं फुटव्याच्या हार्मोनची बाटली उजेडात धरली. दोन मापं कमी. तिनं बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली. खळ ओतून द्यायची, तर ती कुणाच्या तरी नावावर ओतावी लागली असती.

चार आठवड्यांनी बाटल्यांत कोथिंबिरीच्या जुड्या उभ्या! सुहास सर हरखले. "दुप्पट फुटवा! कोणी केलं हे?"

"मी, सर!" सविता पुढं झाली. "माप मीच घातलं. फोनच्या आदी."

जाहिदानं तोंड उघडलं. तेवढ्यात तिचं पानांकडं लक्ष गेलं. काचेसारखी, पाणी भरल्यागत फुगलेली. असल्या कोंबांना मुळं धरत नाहीत.

"व्हय सर," ती म्हणाली, "सविताच. माझी नुसती खूण."

सवितानं तिच्याकडं संशयानं पाहिलं. "भाभी, बरं वाटतंय ना?"

सविताला खुर्ची मिळाली. तिनं पेढे वाटले. जाहिदानं उभ्यानं दोन खाल्ले.

तीन आठवडे मुळांच्या खळीत ठेवूनही कोंबांना एक मूळ नाही. रोपांची मागणी दिलेले मळवलीचे पॉलिहाऊसवाले बजरंगभाऊ रोज फोन करू लागले. सर घामाघूम. "मुळांचं माप वाढवू या का?"

"नको सर," जाहिदा म्हणाली. "खाऊन खाऊन सुस्तावलेत. महिनाभर हार्मोन बंद, नुसती साधी खळ. मग मुळांचं."

"म्हणजे उपास?"

"रोजे म्हणा. मला सवय आहे."

"तुम्हाला हे आधीच कळलं होतं?"

"तुम्ही कोणी केलं ते विचारलंत सर. काय झालं ते कुठं विचारलंत?"

निम्मे कोंब फेकावे लागले, निम्म्यांनी मुळं धरली. बजरंगभाऊंनी महिनाभर बोलणी ऐकवली आणि मिळतील तेवढी रोपं नेली. सरांनी फ्रिजची किल्ली जाहिदाच्या हातात दिली, आणि तिच्याबरोबर खुर्चीही.

सविता तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दुसरं माप तुमचं. सांगू सरांना?"

"सांग की. पहिल्याचंही सांगावं लागेल."

जाहिदाला ते फेकलेले निम्मे कोंब आठवले, आणि कुकरपाशी उभे राहणारे सविताचे पायही काही लोखंडाचे नव्हते.

"जेवणानंतर खुर्ची तुझी," ती म्हणाली. "पण फ्रिजला हात लावायचा न्हाई."

"जेवणाची सुट्टी किती वाजता?"

"एक."

"आमच्यात बाराला जेवतात," सविता म्हणाली आणि डबा आणायला निघाली.